शिंपी की छीपा? : भारतीय साहित्याच्या अध्यापनाविषयी काही विचार

१

विद्यापीठीय अध्यापन सुधारले पाहिजे, याविषयी आपल्याकडे दुमत नाही. ते कशाने सुधारेल, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र आपण विचारापेक्षा उपकरणांवर अधिक विसंबत आलो आहोत. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्सॅट-१ बी’ या उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. उत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान दूरच्या महाविद्यालयापर्यंत पोचले की तेथील अध्यापनाचा दर्जा उंचावेल, ही त्यामागील धारणा होती. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या संगणकीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले, तेव्हाही धारणा फारशी बदललेली नव्हती. २०२१च्या नियमांनी तर एखाद्या अभ्यासक्रमाची चाळीस टक्क्यांपर्यंतची श्रेयांके अशा मार्गाने मिळविण्याची मुभा दिली. ज्या गावी विषयाचा अध्यापकच नाही, तेथे या योजनांचे मोल मोठे आहे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि या दोन्ही योजनांत वर्गाचे जे चित्र गृहीत धरलेले आहे ते एकच आहे: ज्ञान एका ठिकाणी साठलेले आहे, विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी रिकामा बसलेला आहे, आणि प्रश्न काय तो वाहतुकीचा आहे.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच, की भारतीय साहित्याच्या वर्गापुरते तरी हे चित्र असत्य आहे. या वर्गात अध्यापकाला न येणारी भाषा समोरच्या बाकावरील विद्यार्थ्याला येत असते, आणि पाठ्य संहितेचा अर्थ कित्येकदा त्या भाषेवाचून लागत नाही. म्हणून येथे विद्यार्थ्याची भागीदारी हा अध्यापकाच्या औदार्याचा किंवा लोकशाही शिष्टाचाराचा भाग नाही. ती या विद्याशाखेची पद्धतिशास्त्रीय गरज आहे. ही गरज मान्य केली तर संशोधन, तंत्रसाधने आणि अध्यापन यांचा परस्परसंबंधही निराळ्या रीतीने मांडावा लागतो.

२

दिल्लीचा विचार प्रथम करणे सोयीचे आहे. मराठी, बंगाली, तमिळ, सिंधी अशा अनेक भाषांचे अध्यापन एका विभागात व्हावे, ही कल्पना दिल्ली विद्यापीठाने १९६०च्या दशकाच्या आरंभीच प्रत्यक्षात आणली. याच विभागात शिशिरकुमार दास यांनी दीर्घकाळ अध्यापन केले, आणि साहित्य अकादमीसाठी भारतीय साहित्याचा एकात्म इतिहास लिहावयास घेतला. त्याचा १८०० ते १९१० या कालखंडावरील खंड १९९१ मध्ये आणि १९११ ते १९५६ या कालखंडावरील खंड १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. आणखी एक खंड त्यांच्या निधनानंतर २००५ मध्ये आला. हे काम एकट्याच्या भाषाज्ञानावर झालेले नाही. निरनिराळ्या भाषांतील अभ्यासकांचे साहाय्य त्यांनी घेतले आणि ग्रंथात त्याचा निर्देशही केला. साहित्य अकादमीने मान्यता दिलेल्या भाषा चोवीस आहेत. त्या सर्व जाणणारा विद्वान झाला नाही आणि होण्याचा संभवही नाही. ‘भारतीय साहित्य’ ही संकल्पनाच मुळी अनेकांच्या सहकार्यावाचून अभ्यासता येत नाही.

हे आपण ग्रंथलेखनाच्या बाबतीत मान्य करतो आणि वर्गात शिरताच विसरतो. दिल्लीच्या वर्गात हरयाणवी बोलणारी मुलगी असते, मैथिली घरी बोलून हिंदीत परीक्षा देणारा मुलगा असतो, पंजाबी, मणिपुरी, मलयाळम या भाषांत वाढलेले विद्यार्थी असतात. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या वर्गांत मराठी शिकणाऱ्यांपैकी मातृभाषेने मराठी असलेले नेहमी अल्पसंख्यच होते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सामायिक परीक्षेने होऊ लागले. परंतु ही विविधता त्यापूर्वीचीही आहे. या विविधतेचे आपण काय करतो? बहुधा तिला अडचण मानतो. सर्वांना समजेल अशा हिंदीत किंवा इंग्रजीत सारांश सांगतो, अनुवाद वाचावयास देतो, आणि विद्यार्थ्याने आपली भाषा दाराबाहेर ठेवून आत यावे अशी मूक अपेक्षा बाळगतो. अनुवाद आवश्यक आहेत. पण अनुवाद वाचून झाल्यावर जे काम सुरू व्हावयास हवे, ते तेथेच संपते.

३

हे काम कोणते, ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो. नामदेवांचे उदाहरण घेण्याचे कारण असे की मराठीच्या अध्यापकाला ते सर्वांत परिचित वाटते आणि दिल्लीच्या वर्गात ते सर्वांत लवकर अपरिचित होते.

परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा सांगितला जातो. मराठीत त्यांची गाथा आहे. महाराष्ट्र शासनाने तिची आवृत्ती १९७० मध्ये काढली. तिच्यातील सर्व अभंग एकाच नामदेवांचे नाहीत, विष्णुदास नामा आदी उत्तरकालीन कवींच्या रचना तिच्यात मिसळल्या आहेत, हा वाद मराठी अभ्यासकांना नवा नाही. दुसरीकडे, १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. तिसरीकडे राजस्थानात, दादूपंथीयांच्या सतराव्या शतकातील हस्तलिखितांतून नामदेवांची पदे टिकून राहिली. त्यांच्या आधारे विनांद कालवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. तात्पर्य, नामदेव तीन लिपिपरंपरांतून आणि निदान तीन भाषिक वळणांतून आपल्यापर्यंत आले आहेत.

मराठी वर्गात आपण ‘नामदेव शिंपी’ असे सहज म्हणतो. आदिग्रंथात त्यांच्या जातीचा उल्लेख येतो तो ‘छीपा’ या शब्दाच्या रूपांनी. मराठी अध्यापक त्याचा अर्थ ‘शिंपी’ असा सांगून पुढे जातो, कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. परंतु जयपूरच्या बाजूचा विद्यार्थी वर्गात असेल तर तो हरकत घेईल. बगरू आणि सांगानेर येथील छीपा लाकडी ठशांनी कापड छापतात. शिवणकाम हा त्यांचा धंदा नव्हे. शिवाय त्यांच्यातील कित्येक जण स्वतःला नामदेवांचे अनुयायी मानतात आणि ‘नामदेव’ हेच नाव लावतात. पंजाबी विद्यार्थी आणखी एक गोष्ट सांगेल, की त्याच्याकडे ‘छींबा’ या नावाखाली शिवणारे आणि कापड छापणारे-रंगविणारे असे दोन्ही प्रकारचे लोक येतात. मग वर्गाने पुन्हा संहितेकडे वळावे. आदिग्रंथातील आसा रागातील एका पदात मनाला गज आणि जिभेला कात्री मानणारे रूपक आहे. त्याच पदात कवी रंगविणे आणि शिवणे या दोन्ही क्रियांचा उल्लेख स्वतःविषयी करतो. आता प्रश्न उभा राहतो: हा दुहेरी व्यवसाय मुळात पंढरपूरच्या नामदेवांचा, की पंजाबात पद गायले जात असता तेथील श्रोत्यांच्या ओळखीचा छींबा त्यात शिरला? की मराठीतील ‘शिंपी’ या शब्दाचा आपण आज घेतो तो अर्थच पुढे संकुचित झालेला आहे?

या प्रश्नाचे निर्णायक उत्तर येथे द्यावयाचे नाही. प्रश्न कोठून आला, हे लक्षात घ्यावयाचे आहे. तो अध्यापकाच्या टिपणवहीत नव्हता. राजस्थानी विद्यार्थ्याजवळ व्यवसायाची माहिती होती, पंजाबी विद्यार्थ्याजवळ शब्दाचा प्रादेशिक विस्तार होता आणि अध्यापकाजवळ गाथेच्या पाठपरंपरेचे ज्ञान होते. यांपैकी कोणतेही एक वगळले असते तर प्रश्न उद्भवलाच नसता. हीच गोष्ट देवळाच्या कथेत दिसते. जातीमुळे हाकलून दिलेला भक्त देवळामागे जाऊन बसतो आणि देऊळ त्याच्याकडे तोंड फिरविते, हा प्रसंग मराठी परंपरा औंढ्या नागनाथाशी जोडते. भैरव रागातील ज्या पदात तो येतो, तेथे गावाचे नाव नाही. मराठी विद्यार्थ्याला ही अनुपस्थिती दिसत नाही, कारण त्याच्या कानाने गाव आधीच भरून घेतलेले असते. ती दिसते ती औंढा ज्याने ऐकलेले नाही त्याला. परकेपणा हाही वाचनाचा एक गुण असू शकतो. दिल्लीच्या वर्गात तो विनासायास उपलब्ध असतो.

४

विद्यार्थ्याला संहितेच्या कामात सहभागी करून घेणे ही कल्पना परदेशातून आयात केलेली आहे, असे काहींना वाटेल. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाने होतो, त्याची घडण याहून निराळे सांगते. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटाने गोळा केल्या त्या प्रत्यक्ष साक्षीदारांना विचारून. मूळ ग्रंथ हरवल्यावर तो स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करण्यात आला, आणि निरनिराळ्यांच्या स्मरणांतील फरक पाठभेद म्हणून जपले गेले. त्यांपैकी एक पाठ हिराइसा या महानुभाव स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. गुरूचे वचन टिकले ते शिष्यांच्या परस्परांत न मिळणाऱ्या आठवणींची नोंद ठेवल्यामुळे. त्या आठवणींवर कोणी एकच अधिकृत शिक्का मारला असता तर आजचे ‘लीळाचरित्र’ आपल्याला लाभले नसते. ज्ञानेश्वरीतही वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो, त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या अधीरतेची दखल घेतो. श्रोता हा तेथे अर्थनिर्मितीचा एक पक्ष आहे.

आधुनिक विद्यापीठाने मात्र अध्यापन आणि संशोधन यांची फारकत केली. १९९० मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी विद्वत्तेची चार अंगे मांडली: नव्याचा शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन. अध्यापन हीही विद्वत्ताच आहे आणि तिचीही चिकित्सा, नोंद व मूल्यमापन व्हावयास हवे, हा त्यांचा आग्रह पुढे जगभर चर्चिला गेला. आपल्याकडे २०१०च्या नियमांनी प्राध्यापकाच्या कामाचे गुणांकन सुरू केले तेव्हा अध्यापन एका रकान्यात आणि संशोधन दुसऱ्या रकान्यात पडले. अध्यापनाचे गुण तासांच्या हिशेबाने, संशोधनाचे गुण प्रकाशनांच्या हिशेबाने. वर्गातून संशोधनाचा प्रश्न निघू शकतो, ही शक्यताच त्या तक्त्यात नव्हती. नियम पुढे २०१८ मध्ये बदलले, पण मनातील तक्ता बदललेला नाही. म्हणूनच ‘छीपा’सारखा प्रश्न वर्गात उपस्थित झाला तरी तो तास संपताच विरून जातो. तो कोणी लिहून ठेवीत नाही, पुढच्या वर्षीच्या वर्गाला तो ठाऊक नसतो, आणि नवा अध्यापक पुन्हा ‘शिंपी’ असा अर्थ सांगून पुढे जातो.

५

येथेच तंत्रसाधनांचे खरे स्थान सापडते. आदिग्रंथाची संपूर्ण संहिता आज संगणकावर शब्दशोधासह उपलब्ध आहे. तिची १४३० पृष्ठांची प्रमाणित मांडणी असल्यामुळे कोणत्याही पदाचा संदर्भ निश्चित देता येतो. गुरुमुखीतून देवनागरीत लिप्यंतर क्षणार्धात होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या कामाला महिने लागत, ते आता वर्गात बसल्याजागी होऊ शकते. ही सोय अध्यापकाला व्याख्याता म्हणून अनावश्यक करते आणि चिकित्सक म्हणून अधिकच आवश्यक करते. ‘छीपा’ हा शब्द यंत्रात घालून शोधणाऱ्याला ‘छीपे’ किंवा ‘छीपरो’ ही रूपे निसटण्याचा संभव आहे. कोणती रूपे शोधावयाची हे भाषेच्या जाणकारानेच सांगावे लागते. मराठी गाथांची स्थिती तर अधिक नाजूक आहे. संगणकावर फिरणाऱ्या अभंगांच्या संहिता कित्येकदा कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतल्या, याचा निर्देशही त्यांच्यासोबत नसतो. शोध जलद होतो, पण तो कशात चालला आहे हे कळत नाही.

नोव्हेंबर २०२२ नंतर निबंध लिहून देणारी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आली, आणि ‘नामदेवांच्या अभंगांतील भक्तिभाव’ यासारख्या प्रश्नाचे नीटनेटके उत्तर आता कोणालाही मिळू शकते. याबद्दल अध्यापकवर्गात जी हळहळ व्यक्त होते, तीत थोडी आत्मवंचना आहे. असे प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारले, आणि विद्यार्थ्यांनी मार्गदर्शिकांतून उतरविलेली उत्तरे स्वीकारली. यंत्राने ती रीत फक्त उघडी पाडली. उलट, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ‘छींबा’ या शब्दाची नोंद करणे, एक पद दोन संहितांत लावून पाहणे, गावातील गायकाकडून ऐकलेला पाठ टिपून आणणे, ही कामे यंत्र विद्यार्थ्याच्या वतीने करू शकत नाही. तंत्रसाधनांचा विनियोग व्याख्यानाच्या पुनरुक्तीसाठी न करता संहिता, ध्वनी आणि नोंदी यांच्या संग्रहासाठी करावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

६

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की विद्यार्थ्याची भाषिक ओळख म्हणजे ज्ञान नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. पंजाबी घरात जन्मल्याने कोणी आदिग्रंथाचा अधिकारी ठरत नाही, जसे मराठी घरात जन्मल्याने कोणाला ज्ञानेश्वरी उमगत नाही. एखाद्याला त्याच्या प्रांताचा प्रतिनिधी म्हणून उभे करणे हा त्याच्यावर अन्यायही होईल. म्हणूनच भागीदारी म्हणजे विद्यार्थ्याच्या मताला पुरावा न मागता मान डोलावणे नव्हे. त्याने माहिती आणावी, ती कोठून आणली ते सांगावे, आणि इतरांनी ती तपासावी. पुरावा म्हणजे काय, हे शिकविण्याचे काम अध्यापकाचेच राहते. किंबहुना त्याचे खरे काम तेच आहे.

दुसरा आक्षेप असा, की यामुळे पाठ्यक्रम पुरा होणार नाही. पुरा होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. सहा कवींऐवजी तीन कवी वाचून होतील. प्रश्न असा आहे, की सहा कवींचे सारांश ऐकलेला विद्यार्थी सातव्या कवीकडे स्वतःहून वळतो काय? पद्धत हाती आलेला विद्यार्थी वळण्याचा संभव अधिक.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो विद्यार्थ्यांचा नसून अध्यापकांच्या स्थितीचा आहे. अतिथी म्हणून, तासिकांच्या हिशेबाने, सत्रागणिक नेमल्या जाणाऱ्या अध्यापकाला अशा कामासाठी वेळ आणि निश्चिंती कोठून मिळणार? पुढील वर्षी आपण या वर्गात असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पुढील वर्षासाठी नोंदी ठेवाव्यात अशी अपेक्षा करणे अवघड आहे. या आक्षेपाला माझ्याजवळ तात्त्विक उत्तर नाही, कारण तो तत्त्वाचा प्रश्नच नाही. लहान भाषाविभागांतील रिक्त जागा भरल्यावाचून अध्यापनसुधारणेच्या सर्व योजना कागदावर राहतील, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणतेही उपग्रह वा संगणक त्या जागेवर बसू शकत नाहीत.

७

तथापि जागा भरण्याची वाट पाहत असता काही गोष्टी विभागाच्या पातळीवर करता येण्यासारख्या आहेत. प्रत्येक पाठ्य संहितेची एक वर्गवही ठेवावी. तिच्यात त्या वर्षी निघालेले प्रश्न, शब्दांच्या प्रादेशिक अर्थांच्या नोंदी आणि पाठभेद विद्यार्थ्यांच्या नावानिशी उतरवावेत, आणि पुढच्या वर्गाने कोऱ्या पानाऐवजी त्या वहीपासून आरंभ करावा. परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्यात एकाच रचनेच्या दोन संहिता समोर ठेवून त्यांतील फरकांची मीमांसा करावी लागेल. अध्यापकांच्या पदोन्नतीचा विचार करताना अशा नोंदींतून सिद्ध झालेल्या संहिताकार्याला प्रकाशित लेखाइतके मोल द्यावे. आणि विद्यापीठीय नियतकालिकांनी, हे नियतकालिकही त्यांत आले, वर्गातून निघालेल्या लहान संशोधनटिपणांसाठी चार पाने राखून ठेवावीत. त्यांवर विद्यार्थ्याचे नाव असावे, ‘साहाय्य’ म्हणून तळटीपेत नव्हे, तर लेखक म्हणून.

या सूचना मराठीपुरत्या नाहीत, पण मराठीच्या दृष्टीने त्या आज विशेष निकडीच्या आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालील १९५४च्या संमेलनानंतर प्रथमच ते येथे आले होते. जुलै २०२५ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृतीच्या विशेष केंद्राचे उद्घाटन झाले. दर्जा, उत्सव आणि वास्तू या तिन्ही गोष्टी मराठीला दिल्लीत एका वर्षाच्या आत लाभल्या. आता त्या वास्तूंतील वर्गात कोण बसणार आणि तेथे काय घडणार, हा प्रश्न उरतो.

मराठी माणसांनी मराठी माणसांना मराठीची थोरवी सांगावी, यासाठी दिल्लीत केंद्र असण्याची गरज नाही. ते काम पुण्यात आणि नागपुरात अधिक चांगले होते. दिल्लीत जे होऊ शकते आणि अन्यत्र सहसा होत नाही ते हे, की नामदेवांचे पद पंजाबीच्या कानाने, मारवाडीच्या कानाने आणि मराठीच्या कानाने एकाच वेळी ऐकले जावे आणि त्या तीन ऐकण्यांतील अंतर मोजले जावे. अभिजाततेचा दर्जा भाषेच्या प्राचीनतेबद्दल मिळाला. ती भाषा आजही इतरांशी बोलू शकते किंवा नाही, हे मात्र वर्गातच ठरेल, आणि त्या वर्गात बोलण्याचा पहिला हक्क प्रत्येक वेळी अध्यापकाचाच असेल असे नाही.